उसना दम

आमच्या ह्यांना दम लागायला सुरुवात झाली ती पोळ्याच्या आसपास. जिना चढून आले की दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे आणि चपला काढायला उगाच वेळ लावायचे. मला काय कळत नव्हतं? सगळी उमर घुग्घुसला कोळशाच्या खाणीत गेली. रुमाल काळा, थुंकी काळी, हे आम्हाला नवीन नव्हतं. पण हा खोकला वेगळा होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सरळ सांगितलं, नागपूरला जा, उशीर करू नका.

ह्यांचं आपलं एकच. "क्रिसमस होऊ दे, मंग जाऊ. मी गेलो त बेस कोन गाईन?"

आमचं दगडी चर्च इंग्रजांच्या वेळचं. उंच छत, जाड भिंती, आत कुणी शिंकलं तरी सगळ्यांना कळतं. दरवर्षी नाताळच्या आधी एक संध्याकाळ आम्ही तिथे जुनी गाणी गातो. जुनी म्हणजे युरोपातली, चार-पाचशे वर्षांमागची. शब्द लॅटिन, आवाज चार, आणि पेटी नाही, तबला नाही, काही नाही. शब्द देवनागरीत लिहून घेतलेले. अर्थ विचाराल तर निम्म्यांना 'बाळ जन्मलं' एवढाच ठाऊक. शिकवतात ते निवृत्त मास्तर, त्यांना सगळे सर म्हणतात. सगळ्यात खालचा आवाज म्हणजे बेस, त्यात दोघंच. एक आमचे हे, दुसरा त्यांचा खाणीतला जोडीदार. तो ख्रिस्ती नाही. शेतकऱ्याच्या घरचा, गावच्या भजनी मंडळातला. ह्यांनी त्याचा आवाज कुठल्याशा भजनात ऐकला आणि धरून आणला.

मी अट घातली. शेवटच्या गाण्यात वरचे तीन आवाज नुसते चढत-उतरत असतात आणि खाली बेस एक लांबच लांब ओळ धरून ठेवतो. ती सैल पडली की सगळं गाणं कोसळतं. "ती ओळ ज्या दिवशी तुटेल," मी म्हटलं, "त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर. मग तुमचा क्रिसमस गेला खड्ड्यात."

"मंजूर," म्हणाले.

दर रविवारी उपासनेनंतर सराव. आम्ही आल्टोवाल्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाच्या, बाया डावीकडे, बेस उजवीकडे, खांबाआड. मला हे दिसत नसत, पण कान तिकडेच. ओळ सुरू झाली की मी मनात शब्द मोजायची. ती सलग, जाड, न हलता शेवटाला जायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. घरी परतताना हे ऑटोत डोळे मिटून गप्प. मी म्हणायची, बोला की काही.

"गळा राखून राह्यलो न बाप्पा! काऊन डोकं खाऊन राह्यली?"

मला ते पटायचं. दिवाळी गेली, थंडी पडली, झोपताना दोन उशा लागायला लागल्या. मी कुरकुर केली की उलट मलाच विचारायचे, "ओळ तुटली का?" नव्हती तुटली. मग काय, उशा सारख्या करून द्यायची, कप्पाळ!

कार्यक्रमाच्या संध्याकाळी जोडीदार आलाच नाही. पुढच्या पाळीचा माणूस खाड्यावर, म्हणून ह्याला खाणीतून सोडलं नाही. चर्च गच्च भरलेलं. सर म्हणाले, शेवटचं गाणं गाळू. "मी आहो न," हे म्हणाले. सर ह्यांच्याकडे असे काही बघत राहिले की मला राग आला. इतकी वर्षं गाणाऱ्या माणसावर एवढा अविश्वास!

आधीची गाणी कशीबशी निभली. शेवटचं सुरू झालं. आम्ही वर चढलो, खाली सूर आला आणि दुसऱ्या शब्दालाच तुटला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग नुसती हवा, घशातून खरवडत येणारी, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाणारी. माझं तोंड गात होतं, कसं ते देव जाणे. लोकांना वाटलं असेल, गाणंच तसं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दीतून खांबापाशी पोचले तर हे भिंतीला टेकून खाली बसलेले, ओठ निळे.

तेवढ्यात जोडीदार धावत आत आला, हातात हेल्मेट, तोंड कोळशानं माखलेलं. ह्यांना पाहून सरांवरच ओरडला, "एकट्यानं गाऊ देलं भाऊले?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"वहिनी, ते ओळ मीच म्हणून राह्यलो होतो. पयल्यापासून. मी दम घेवो तेवढ्यात एखादा शब्द भाऊ म्हणत, बस. बाकी नुसते ओठ हालवत." त्याला रडू फुटलं. "आमच्या भजनात म्हणणाऱ्याचा दम गेला का बाकीचे उचलतेच न. मले वाटलं, इथी बी तसंच. अन् भाऊ म्हणे, घरी सांगू नको, बायको गाणं बंद करन."

आमच्या अटीचं त्याला काही माहीत नव्हतं. सर मात्र पायाकडे बघत होते. त्यांच्या कानातून असलं सुटतंय थोडंच! सगळ्यांचा ह्यांच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. त्याच जिवापायी त्यांनी मला बहिरी करून ठेवलं.

सकाळी नागपूर गाठलं. डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याच्या बाजूला लावला आणि विचारलं, "इतके महिने काय करत होतात?"

"गात होतो," हे म्हणाले आणि हसले. हसले हो! एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. डॉक्टर हसले नाहीत. फेब्रुवारीत हे गेले.

दफनाच्या दिवशी सर विचारायला आले, तेच शेवटचं गाणं म्हणू का. मी हो म्हटलं. मग चर्चच्या दारातच सगळ्यांना थांबवून बजावलं, "कोणी कोणाचं उचलायचं नाई. ज्याचा दम जिथे जाईल, तिथे त्यानं गप्प व्हायचं."

"बाई, तुटेल ते," सर म्हणाले.

"तुटू द्या."

जोडीदार एकटाच बेसला उभा राहिला, डोळे पुसत. ओळ चार शब्द गेली आणि तुटली. त्यानं श्वास घेतला, धरली, पुन्हा तुटली. ते तुटणं चर्चभर ऐकू आलं. पोळ्याच्या वेळी मी एवढंच मागितलं होतं.