नको ती गोळी

आम्ही जुन्या सिस्टर भेटलो की चहा गार झालाच म्हणून समजा. एकीनं 'ती आठवते का गं?' म्हटलं की संध्याकाळ गेली!

सत्तरच्या दशकात मी सांगलीला कातडीच्या वॉर्डात होते. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन अंगभर फोड आलेले, कातडी सोलवटलेली, असे पेशंट आमच्याकडे यायचे. चादर अंगाला चिकटायची, म्हणून त्यांना केळीच्या कोवळ्या पानांवर निजवायचो. आष्ट्याचा एक रिटायर्ड हवालदार बरा होऊन गेला, तो अधूनमधून सायकलवरून पानं आणून द्यायचा. एकदा वॉर्डबॉयनं त्यातल्याच एका पानावर आपला भात वाढून घेतला! हवालदार कडाडला, "आरं गड्या, ह्यो बिछाना हाय, ताट न्हवं!"

* * *

माण तालुक्याकडची कमळ आली तेव्हा तिचे डोळेसुद्धा चिकटले होते. सासू तानूबाई कडुनिंबाचा डहाळा घेऊन उशाशी. "देवी आल्यात. हळू बोला!"

आमचे भागवत डॉक्टर म्हणाले, "देवी नाहीत हो. हगवणीवर सल्फाची गोळी घेतली ना, तिनं झालंय हे."

"मग गोळी आल्यात म्हणा. पर हळू बोला!"

* * *

कमळ वाचली. जाताना डॉक्टरांनी तसलीच एक गोळी फडक्यात बांधून सासूकडे दिली. "कुठल्याही डॉक्टरला ही दाखवा, अन् सांगा, ही द्यायची नाही." आम्हाला कोण कौतुक त्या युक्तीचं!

काही महिन्यांनी कमळ परत स्ट्रेचरवर. पोट बिघडलं होतं, अन् सासूनं तीच गोळी तिला चारली होती!

"मोठ्या डाक्टरनं दिल्याली. वाया कशी घालवू?"

डॉक्टर कपाळाला हात लावून बाकावर बसले. मला हसावं की रडावं कळेना. त्या खेपेला पोरगी अगदी जाता जाता राहिली. तानूबाई तिच्या पायाशी बसून एकच घोकायची, "मुंबईच्या ल्योकाला काय त्वांड दावू?"

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "तिसऱ्यांदा सल्फा पोटात गेली, तर माझ्या हातात काही नाही." मला मात्र धास्तीच. गावाकडं कोण कुठली गोळी देईल, काय सांगावं!

* * *

गावची जत्रा झाल्यावर दोघी तपासायला आल्या. कमळनं पदर सारून हात पुढं केला. मनगटाच्या वर, हिरव्या गोंदणात, चांगली ठसठशीत अक्षरं: 'सल्फा नको'.

"अगं, नव्या कातडीवर सुया टोचून घेतल्यास?" डॉक्टर ओरडलेच.

तानूबाई पुढं झाली. "आवं डाक्टर, गोंदणारीनं इचारलं, नवऱ्याचं नाव घालू का? म्या म्हनलं, त्ये मागनं. आदी सून ऱ्हायली पायजे."