तळपायाने ऐकणारा सुधाकर

सुधाकरच्या बायकोचा, निर्मलावहिनींचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात संगीताचा तास घेत होतो. “भाऊ, थे गेले... सकाळी चहा पेता पेता.” सुधाकर राजूरच्या कोळसा खाणीत पाणी उपसायच्या पंपावर कामाला होता. पंपाच्या घरघरीशेजारी वीस वर्षं काढली आणि त्याचे कान गेले. मला हळहळ वाटली, तर तो हसला. “मास्तर, कान गेले म्हून काय झालं? मले तळपायानं आयकू येते.”

ते खरं होतं. त्याने घरातल्या एका खोलीत लाकडी फळ्या टाकल्या, खाली दोन जुने स्पीकर बसवले आणि त्यांतून चार तंबोऱ्यांचा एकच सूर सोडला. अनवाणी उभं राहायचं, नाहीतर पाठ टेकून पडायचं. सूर टाचेतून चढायचा, मांडीत थबकायचा. जागा बदलली की तोही बदलायचा. चाळीस वर्षं गाणं शिकून मला माझ्या हाडांची ओळख नव्हती... ती त्याने करून दिली.

मीच त्याला आमच्या स्नेहसंमेलनात आणलं. त्याने सभागृहातल्या खुर्च्या काढायला लावल्या, मुलांना स्टेजवरच्या फळ्यांवर झोपवलं. पाच-दहा मिनिटं बरी गेली. मग शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. प्राचार्यांची चिठ्ठी आली : बंद करा. मी विंगेत गेलो आणि ॲम्प्लिफायरची पिन ओढली.

शिट्ट्या त्याला ऐकू येत नव्हत्या. पायाखालची फळी गप्प झाली, तेवढं त्याला कळलं. डोळे उघडून त्याने मला विचारलं, “लाईन गेली काय, मास्तर?”

मी मान डोलावली.

त्याने वर पाहिलं. पंखे फिरत होते. तो वायर गुंडाळायला लागला. त्यानंतर तो यवतमाळला कधी आला नाही, आणि मीही राजूरला गेलो नाही. तीन वर्षं.

त्याच सभागृहात परवा शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, असा प्रयोगशील कलावंत आपल्या जिल्ह्यात होता हे आपलं भाग्य. मीही बोललो, ‘काळाच्या पुढचा माणूस’ वगैरे. टाळ्या पडल्या. पिनेबद्दल मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी राजूर गाठलं. वहिनींना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच थांबवलं. “मले माहीत हाय, भाऊ. घरी येऊनच सांगतलं होतं त्यायनं. म्हणे, मास्तर भेला असन. त्याले काही म्हणजो नोको.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी फळ्यांच्या खोलीत गेल्या, तंबोऱ्यांचं मशीन लावलं. “रोज सहाले लावतो, थे लावत तसं.” मी चपला काढून फळ्यांवर उभा राहिलो. सूर टाचेतून गुडघ्यांपर्यंत आला. वहिनी म्हणाल्या, “बसा ना.”

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर तो छातीपर्यंत आला असता.