माईचं सोवळं कुत्रं

आमची माई कुत्र्यांना चिमट्यानं भाकरी द्यायची. परभणीतल्या तिच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीला गज होते. नाकाला पदर लावायचा, गजांतून चिमटा बाहेर काढायचा आणि खाली जमलेल्या कुत्र्यांना दटावायचं, "भांडायलाव कशाला? सगळ्याला हाय." माई माझी आत्या. कुत्र्यांवर तिचा लय जीव, आणि कुत्रं जवळ आलं की दमा उसळायचा. गल्ली हसायची. ती म्हणायची, "लांबून केली म्हणून माया पातळ होत नाही बाबा."

तिचा एकुलता एक सुधीर पुण्याची नोकरी घरी बसून करायला परभणीला आला, तो कुरळ्या केसांचं पूडल घेऊनच. "माई, ह्याचे केस गळत नाहीत. ह्या जातीची अ‍ॅलर्जी होतच नाही. खास तुझ्यासाठी आणलंय." खास तिच्यासाठी! लहानपणी कुत्र्यासाठी जमिनीवर लोळणारा हाच. पण माईनं खरं मानलं. "म्हणजे सोवळ्यातलं कुत्रं की रे हे!" म्हणाली आणि जन्मात पहिल्यांदा कुत्रं मांडीवर घेतलं. थोड्या वेळात डोळ्यांना धार लागली, तरी खाली उतरवायला तयार नाही. सुधीरनं तेवढ्यात फोटो काढला. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

आठवडाभरात छाती वाजायला लागली. त्यावर सुधीरनं काय करावं? कुत्रंच भादरून आणलं. केसच नाहीत तर अ‍ॅलर्जी कुठली! माई त्या उघड्या गुलाबी अंगाकडे बघत राहिली. "माझ्या आजीला नवरा गेल्यावर न्हाव्यापुढं बसवलं आन् सोवळी केली. डोकं भादरून तिचं काय सुटलं, ते ह्याचं सुटल?" हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि आम्ही तिचा पंप शोधायला धावलो.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की दोष नुसत्या केसांत नसतो. कुत्र्याच्या लाळेत असतो, कातडीच्या कोंड्यात असतो, मग जात कोणतीही असो. ह्यांना कुत्र्यापासून लांब ठेवा. सुधीर घरी येऊन म्हणाला, "मी नेटवर वाचलंय सगळं. माई, तुझ्या मनात बसलंय ते."

मी म्हणालो, "दादा, कुत्रं आमच्याकडं दे. गावाकडं पिंगळीला अंगण हाय, मी सांभाळतो."

"तिथलं ऊन त्याला सोसणार नाही. घरात एसी नाही तुमच्या."

आणि मग त्यानं माईलाच पिंगळीला पाठवलं. थोडे दिवस, म्हणाला. तिचं ऊन कुणी विचारलं नाही.

येताना तिनं कपड्यांच्या पिशवीत चिमटा टाकला होता. आमच्या खिडकीला डासांची जाळी, त्यातून चिमटा जाईना. मी म्हणालो, "माई, जाळी कापतो." "राहू दे. दुसऱ्याच्या घरात कशाला?" माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, मान खाली घातली. तिची छाती वाजायची थांबली होती. कशी आहेस विचारलं तर म्हणायची, "इथं दम लागत नाही, पण मनबी लागत नाही." सुधीरचा फोन आला की आधी विचारायची, "त्यानं खाल्लं का रे?" कुत्र्यानं! घरी कधी नेतोस, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मला सुधीरचा संताप यायचा, आणि तिचासुद्धा.

थंडीत ती गेली. झोपेतच, खोकल्याशिवाय.

सुधीरनं तोच मांडीवरचा फोटो स्टेटसला लावला. "माई आणि तिचा लाडका." भेटायला येणारा प्रत्येक जण फोन हातात धरून म्हणत होता, "डोळ्यांतलं पाणी बघा हो, केवढी माया!" ते पाणी कशाचं, हे मला माहीत आहे आणि सुधीरलाही. तो प्रत्येकापुढं मान हलवून म्हणत होता, "हो ना. तिच्यासाठीच तर आणलं होतं."