टँकरच्या रांगेतला सा

पोराच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून बाई आधी त्याची मान वर करायच्या. मग म्हणायच्या, "हां, आता गा. गाताना जमिनीकडं बघायचं न्हाई. तिथं काय ठेवलंय?" नाक गळत असेल तर स्वतःच्या पदरानं पुसायच्या, पण पोराची मान वर झाल्याशिवाय पेटीवर बोट ठेवायच्या नाहीत.

माझं शिलाईचं दुकान लातुरात, त्यांच्या बालवाडीच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. आता तुम्हीच सांगा, समोर एवढी चिमणी पोरं एका दमात 'सा' लावून बसली असतील तर माणसानं काजं कशी करावी? त्यांच्या लयीवर माझा पाय चालायचा. बाईंनी लय वाढवली की माझी टीप वाकडी. गिऱ्हाईक भांडायला लागलं की मी समोर बोट दाखवायचो. बाई खिडकीतूनच म्हणायच्या, "मास्टर, टीप चुकली तर उसवता येती. तुमचं सोपं हाय."

त्या उदगीरकडच्या. बोलता बोलता मधेच कानडी यायचं. 'बा इल्ली' म्हटलं की पोरं अर्थ न विचारता जवळ पळायची. नवऱ्याचं घर सोडून आल्या होत्या. अंगावरचं सोनं तिथंच टाकलं आणि बाजाची पेटी तेवढी उचलली, अशी गल्लीत कुजबुज होती. एकीनं तोंडावरच विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "सोनं त्यांचं व्हतं. पेटी माझी." मला हे उत्तर इतकं आवडलं की त्याच दिवशी त्यांच्या पेटीचा फाटका भाता मी आपण होऊन ठिगळ लावून दिला.

तेव्हा जिल्हा नवा नवा झाला होता. आम्ही उस्मानाबादपासून वेगळे झालो म्हणून गावाला केवढा तोरा! ज्या त्या खोलीवर नव्या कचेरीचा बोर्ड चढायचा. बोर्ड वाढत गेले आणि विहिरी आटत गेल्या. मग बालवाडीशेजारच्या मोकळ्या जागेत टँकर आला, आणि टँकरमागं घागरींची रांग. आया कामाला जायच्या आणि रांगेत नंबर धरायला लहान पोरं बसायची.

पाऊस नसला की आमच्याकडं पोरांची धोंडी निघते. अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागायचं, बायका वरून तांब्याभर पाणी ओततात. त्या साली म्हाताऱ्या माणसांनी बाईंना सांगितलं, तुमची पोरं काढा. बाईंनी काढली. पाला बांधला, ओळ लावली, पहिल्या दारात उभ्या राहिल्या. घरातली सून बिचारी तळाचं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आली. बाई म्हणाल्या, "ते रांजणात वत माघारी. आमी मागायला न्हाई आलो. बस आन् ऐक." पोरांनी गाणं म्हटलं आणि पुढच्या दारात गेली. गल्लीभर हेच. म्हातारे चिडले. धोंडीनं मागायचं नाही तर मग पाऊस यावा कसा? बाईंचं म्हणणं एकच होतं, "लेकरांना पयलं गाणं भिकेचं शिकवणार न्हाई मी."

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण मग कुणी मोठे साहेब दुष्काळ बघायला येणार असं ठरलं. मंडप टँकरच्या जागेशेजारीच घातला. आमच्या गल्लीत अप्पा म्हणून आडत व्यापारी होते, बालवाडीची खोली त्यांच्या ताब्यात. माणूस वाईट नव्हता, पण साहेब म्हटलं की पाघळायचा. ते स्वागतगीत घेऊन आले. पोरांनी हात जोडून, मान लववून, मायबाप सरकारकडं पाणी मागायचं, असं गाणं होतं.

"लेकरं गातील," बाई म्हणाल्या. "हात न्हाई जोडणार."

"बाई, ही मागायचीच येळ हाय."

"मग तुमी मागा की. तुमचे हात मोठे हायत."

अप्पांचं तोंड उतरलं. ते हळूच म्हणाले, "ही खोली एक कचेरी मागायलीय. मी थांबवलंय त्यांना. तुमी एवढं ऐकलं तर खोली तुमचीच." आता खोली गेली तर वर्ग गेला, हे मला दुकानात बसून कळत होतं, तर बाईंना कळलं नसेल? मी त्यांना म्हटलंसुद्धा, "एकदा जोडू द्या हात, काय झिजतात का?" त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी मुकाट्यानं सुईत दोरा ओवायला घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या दिलेल्या वेळेला पोरं घेऊन हजर. साहेबांचा पत्ता नाही. ऊन नुसतं भाजत होतं. अप्पा घाम पुसत "येतीलच, येतीलच" करत होते. एक पोरगी मटकन खाली बसली. बाईंनी तिला उचललं, पाणी पाजलं, आणि सगळ्या पोरांची तोंडं मंडपाकडून रांगेकडं फिरवली. रिकाम्या खुर्च्यांकडं पाठ करून पोरांनी टँकरच्या रांगेतल्या बायकांना सगळी गाणी म्हणून दाखवली. माना वर, हात मोकळे. बायकांनी घागरी वाजवून साथ दिली. मग बाई पोरांना घेऊन घरी गेल्या. साहेब आले तेव्हा स्वागताला एकटे अप्पा हात जोडून उभे होते. मला हसू आवरेना आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

खोली गेलीच. कुलूप लागलं, वर कचेरीचा बोर्ड. दुसऱ्या दिवशी बाई पेटी डोक्यावर घेऊन थेट रांगेत येऊन बसल्या. "पोरं हितंच असत्यात की दिवसभर," म्हणाल्या. झालं, वर्ग सुरू. घागरीला घागर लावून पोरं बसायची आणि सा लावायची. पुढं आया बसायला लागल्या, मग आज्या. कचेरीतला कारकून एकदा गोंगाट होतो म्हणून तावातावानं बाहेर आला. रांगेतली एक बाई त्याला म्हणाली, "पाणी आना तुमी. गाणं आपोआप बंद व्हतंय." तो पुन्हा आला नाही.

पण तिचं बोलणं खरं झालं बघा. लांबून पाइप टाकून नळाला पाणी आलं. गल्लीनं पेढे वाटले, मीही खाल्ले. टँकर बंद, रांग बंद, आणि बाईंना बसायला जागा उरली नाही. मी म्हटलं, माझ्या दुकानात बसवा पोरं. त्या हसल्या, "तुमचं दुकान पेटीएवढं, मास्टर. तुमी कुठं बसताल?" किनवटकडं जंगलातल्या एका आश्रमशाळेनं त्यांना बोलावलं होतं. तिथल्या पोरांना वसतिगृह आहे, जागा आहे, म्हणाल्या. सकाळच्या एसटीनं गेल्या. निरोप घेतला नाही कुणाचा, पोरांचाही नाही. मला राग आला त्यांचा. अजून येतो.

त्या दिवशी दुकान उघडलं तर समोर रांग. नळाला पाणी चालू असताना पोरं घरातून रिकाम्या घागरी घेऊन आली होती आणि टँकरच्या जागेवर ओळीनं मांडून बसली होती. त्यांना वाटलं असावं, रांग लागली की बाई येतात. कुणी सांगावं त्यांना?

कारकून बाहेर आला. "कशाची रांग ही? टँकर बंद झालाय."

सगळ्यात पुढची पोरगी, मंडपात उन्हानं खाली बसलेली तीच, उठून उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गाण्याची."

आणि पेटी नसताना तिनं सा लावला. बाकीच्यांनी उचलला. मी मशीन थांबवली, रस्ता ओलांडला आणि रांगेत शेवटी जाऊन बसलो.