उजव्या बाजूची लोकर

सगळा बाजार तिला आत्या म्हणायचा आणि पाठीमागे चौकशीआत्या. घोड्यांची खोगिरं शिवणं हा तिचा धंदा, माणसांना प्रश्न विचारणं हा स्वभाव. गिऱ्हाईक दुकानात टेकलं, की घोड्याचं वय, चाल, खोडी आणि मग स्वाराचं वय, चाल, खोडी काढून घेतल्याशिवाय ती आरी हातात धरत नसे. कातडं कापणारा तिचा थोरला भाऊ म्हणायचा, "अगं, खोगीर शिवायचंय, सोयरीक नाही जुळवायची."

"दोन्ही एकच, दादा. एकानं दुसऱ्याला जन्मभर पाठीवर घ्यायचं."

घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या तांबड्या घोडीसाठी तिच्याकडे खोगीर सांगितलं. आत्यानं मऊ शिशाची पट्टी घोडीच्या पाठीवर दाबून बाक उतरवून घेतला. त्या मापाच्या लाकडी सांगाड्यावर भिजवलेलं कातडं ताणलं, मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन सुयांची शिवण घातली, खालच्या गाद्यांत लोकर भरली. खोगीर असं बसलं की भाऊसुद्धा "बरंय" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण महिन्याभरात बाई परत आल्या. घोडीच्या पाठीचे उजवीकडचे केस घासून गेले होते. आत्यानं गादी उसवली, तर उजवीकडची लोकर दबून गठ्ठा झालेली. तिनं नवी भरली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

"ही तुझी नुसती खोगीरभरती चाललीय," भाऊ म्हणाला.

आत्यानं घोडीची पाठ पुन्हा मापली, सांगाडा मापला, टाके तपासले. कुठंच फरक नाही. मग घोडं पेंड खातंय तरी कुठं? तिला जेवण गोड लागेना.

शेवटी ती मैदानावर गेली आणि कुंपणाला टेकून बघत राहिली. एकट्या फेरी मारताना बाई सरळ बसायच्या, अगदी ओळंब्यात. शिकणाऱ्यांपैकी कुणी काही विचारलं, की मात्र रिकिबीवर भार देऊन उजवीकडे वाकायच्या. दर वेळी उजवीकडेच. आत्या कुंपणाच्या कडेनं त्यांच्या डाव्या अंगाला गेली आणि बेतानं हाक मारली, "बाई."

घोडीनं कान वळवला. बाईंनी मानसुद्धा हलवली नाही.

तास संपल्यावर बाई घोडीला पाणी पाजत होत्या, तेव्हा आत्यानं विचारलं, "डाव्या कानानं कमी येतं का हो ऐकू?"

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही खोगीर शिवा. माझ्या कानाचं माप कुणी मागितलं नव्हतं." घोडीला घेऊन त्या निघून गेल्या.

आत्या दुकानात परत आली. "माझ्या जिभेला हाड नाही," ती भावाला म्हणाली.

त्यानं सुरी खाली ठेवली. "प्रश्न चुकीचा होता का?"

"नव्हता."

"मग जरा दम धर."

आठवडा गेला, आणि बाई स्वतःच खोगीर घेऊन आल्या. डावा कान भिंतीकडे करून स्टुलावर बसल्या. लहानपणी तापात कान गेला होता. जिला स्वतःला धड ऐकू येत नाही ती दुसऱ्याला काय सांभाळणार, असं लोक म्हणतील, या भीतीनं त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. "घोडीची पाठ सोलवटली तरी मी वाकतच राहिले," त्या म्हणाल्या. "काल सांगून टाकलं सगळ्यांना."

"मग?"

"मग काय, आता मैदानभर ओरडून बोलतात. घोडी वैतागलीय."

दोघी हसल्या. आत्यानं दोन्ही गाद्या उसवून नव्यानं सारख्या भरल्या. या वेळी लोकर दबली नाही. घोडीच्या पाठीवर केस पुन्हा आले. तेवढे मात्र पांढरे.

ते पाहायला आत्या मैदानावर गेली, तेव्हा बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी बसलात का हो घोड्यावर?"

आत्या कधीच बसली नव्हती, आणि हे तिला आजवर कुणी विचारलंही नव्हतं. बाईंनी हात दिला. दोन्ही मुठींत आयाळ धरून आत्या वर चढली. घोडी चालू लागली. पहिला फेरा संपेपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही.