जावयानं ठोकलेला रॅम्प

माझ्या बहिणीचा नवरा मला आवडत नाही. लग्न ठरलं त्या दिवशीही आवडला नव्हता. त्याला जगातलं सगळं येतं, हीच त्याची खोड.

अधिक महिन्यात आईनं दोघांना धोंड्याच्या जेवणाला औंढ्याला बोलावलं. वारंगा फाट्याहून येताना स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं आणि आमच्या अंगणात इंजिनाखाली ऑइल ठिबकायला लागलं. कोपऱ्यावरच मिस्त्री होता.

"मिस्त्री काहून पाहिजे? दोन रॅम्प ठोकतो, गाडी चढवतो, खाली झोपून नट आवळतो," जावई म्हणाला.

दुकानाच्या मांडणीसाठी आणलेल्या माझ्या सागाच्या फळ्या त्यानं न विचारता कापल्या. एकीवर एक, पायऱ्यांसारख्या रचल्या आणि इंचभर लांबीचे खिळे मारले. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं तशी आई म्हणाली, "गप बस. अधिकाचा महिना हाय, जावई नारायण असतो. त्याला बोलायचं न्हाई." सकाळीच तिनं त्याचे पाय धुऊन पूजा केली होती.

पुढची चाकं रॅम्पवर चढवून नारायण गाडीखाली शिरले. बहीण स्वयंपाकघरात धोंडे तळत होती. तिनं आतूनच सांगितलं, "दादा, यांच्याकडं जरा ध्यान दे रे."

"व्हय," म्हणून मी ओट्यावर बसलो.

आमच्या अंगणात गुळगुळीत शहाबादी फरशी. मागच्या चाकांना दगड लावलेला नव्हता. हँडब्रेक नीट धरत नाही, हे यानंच चहा पिताना सांगितलं होतं. त्यानं पाना ओढला, गाडी हलली आणि रॅम्प फरशीवर बोटभर सरकला. मी पाहिलं. बोललो नाही. त्यानं परत पाना ओढला. परत बोटभर. खालून तोंडानं शीळ वाजवणं चालूच होतं.

पडू दे, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, एकदा चांगली अद्दल घडू दे, असंच वाटलं. गाडी पडली तर छातीवरच पडेल, हेही कळत होतं.

तिसऱ्यांदा रॅम्प सरकला तेव्हा आत बहीण कशाला तरी हसली. मी उठलो. न्हाणीपाशी पडलेला दगड मागच्या चाकाला लावला आणि ओरडलो, "दाजी, बाहेर निघा!"

"आता काहून? होऊन राहिलं ना!"

आईनं धुतलेले तेच पाय धरून मी त्याला फरफटत बाहेर काढलं. तेवढ्यात एका रॅम्पचे खिळे उखडले आणि गाडी धाडकन खाली बसली. बहीण झारा हातात घेऊन तशीच धावत आली.

जावयानं पाठ झटकली. "फळ्याच हलक्या होत्या तुमच्या," तो म्हणाला.

बहीण अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, दादाचं ध्यान होतं म्हणून हे वाचले.

ध्यान होतंच. रॅम्प पहिल्यांदा सरकला तेव्हापासून होतं.