मांडीवरचा निळा बाण

ती केस डोक्यातून जाता जात नाही. म्हणून आज टाइप करायला बसले.

आधीच सांगून टाकते, मी काही पांढऱ्या केसांची निवृत्त अधिकारी नाही. नागपुरात साडेचार वर्षं पीएसआय होते, मग राजीनामा दिला आणि आता पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना शिकवते. प्रताप नगरात मी राहते त्या गल्लीतले काका मला मुद्दाम 'रिटायर्ड मॅडम' म्हणून हाक मारतात. मारू देत. नावं कोणाचीच सांगणार नाही, ना माणसांची ना दवाखान्याचं. पण गोष्ट सांगणार, कारण ही तुमच्या घरातही होऊ शकते. मी अजिबात घाबरवत नाहीये, ऐका.

सकाळचे साडेदहा. ठाण्यात हजेरी संपलेली, मी हरवलेल्या मोबाइलचे अर्ज लावत बसलेली, आणि दारातून सात-आठ माणसं एकदम आत. नागपूरजवळच्या खाप्याचे लोक. सगळ्यात पुढे एक बाई, पन्नाशीच्या, पदर डोक्यावरून घसरलेला.

"मॅडम, माह्या पोरीचा चांगला पाय कापला वं!"

त्यांच्या मागे त्यांची मोठी मुलगी, सावनेरला दिलेली. ती आईच्या वरताण. "त्या सिस्टरले आत टाका आधी! तिनंच घोळ केला. तिले माह्यासमोर आणा फक्त!"

बसवलं, पाणी दिलं, हळूहळू कळलं. धाकटी मुलगी सव्वीस वर्षांची, खाप्यात शिवणक्लास चालवते. तिला सिकलसेल, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार. त्यामुळे डाव्या खुब्याचं हाड आतून सुकून गेलेलं, चालताना जीव जायचा. डावा खुबा बदलायचा म्हणून नागपूरच्या दवाखान्यात भरती केली. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, तर पट्टी उजव्या पायाला.

उजव्या! मी दोनदा विचारलं. मला वाटलं, रडण्याच्या भरात उलटं बोलून राहिल्यात. नाही. चांगला खुबा काढून तिथं नवा बसवला होता. दुखरा होता तसाच आत.

आमचे पीआय साहेब थंड डोक्याचे. म्हणाले, "डॉक्टरवर डायरेक्ट गुन्हा लागत नाही. आधी मेडिकल बोर्डाचा अभिप्राय येतो. तोवर तू कागद हातातून जाऊ देऊ नकोस." अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली, एक लेडी कॉन्स्टेबल आणि दोन पंच घेऊन मी दवाखान्यात. केस पेपर, एक्स-रे, ऑपरेशनच्या आधी भरतात ती चेकलिस्ट, सगळं पंचनामा करून जप्त.

मग त्या मुलीच्या खोलीत गेले. छताकडे बघत पडली होती. मी जबाबाचा कागद काढला तर म्हणते, "मॅडम, लिहाचं नंतर पाहू. आधी मले सांगा, बाण इकडचा तिकडं कसा गेला?"

"कसला बाण?"

"आदल्या संध्याकाळी डॉक्टरनं माह्या डाव्या मांडीवर काढला. बाहेरून, थोडा मागच्या अंगाले. मी मान वळवून पाह्यला होता. जांभळा पेन होता." आणि लगेच, "डावा खुबा अजून बदलाचाच आहे. नाहीतर मी उभी नाही राहू शकत. शिलाई मशीनचं पायडल मारणं तं सोडूनच द्या. पण बाण कसा सरकला हे जोवर कळत नाही, तोवर मी टेबलवर जात नाही. कोणीच हात लावाचा नाही मले."

तिथले दुसरे डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, फार उशीर करू नका, नवा खुबा एकट्याने किती भार घेणार. म्हणजे बघा. माझ्या तपासावर त्या मुलीचं चालणं अडकलेलं.

ऑपरेशन करणारे सर्जन मोठं नाव. एकच वाक्य, "मॅडम, बाण उजव्या पायावर होता." आणि पुरावाच होता त्यांच्याकडे. पेशंटला भूल देऊन कुशीवर वळवल्यावर, मांडी औषधानं पुसायच्या आधी, असिस्टंटनं मोबाइलवर फोटो काढलेला. उजवी मांडी, त्यावर बाण. स्पष्ट.

"पण आदल्या दिवशी तुम्हीच डावीवर काढला होता ना?"

"हो."

"मग एक्स-रे?"

एक्स-रे ऑपरेशन होईपर्यंत पाकिटातच होता. उजव्या खुब्यालाही आजाराची थोडी सुरुवात झालेली होती, त्यामुळे आत उघडल्यावरही त्यांना शंका आली नाही.

मग ती सिस्टर. चाळिशीच्या पुढची, तिथं बरीच वर्षं काढलेली. दवाखान्यानं तिला त्याच दिवशी घरी बसवलं होतं, कारण चेकलिस्टवर सही तिची. ठाण्यात बोलावली. माझ्यासमोर ताठ बसली, पण पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

"नाव, ऑपरेशन, बाजू, तिन्ही चौकटीत टिक आहे. पेशंटला विचारून केली?"

"पोरगी पेंगत होती, मॅडम. इंजेक्शन लागलं होतं."

"म्हणजे नाही विचारलं."

"बाण होता नं," ती म्हणाली. "बाण दिसल्यावर कोण विचारते?"

"बाण तुम्ही काढला?"

आता ती उठूनच उभी राहिली. "लेकराची आण, नाही! टिक म्या मारली, ते कबूल. बाणाले माह्या हात नाही लागला."

खरं सांगू? मी विश्वास ठेवला नाही. सगळं जुळत होतं. डॉक्टरांचा बाण पुसला गेला असेल, हिनं घाईत परत काढला, चुकीच्या पायावर. दवाखाना तेच म्हणत होता, घरचे तेच म्हणत होते, बाहेर मोठी बहीण रोज येऊन तेच ओरडत होती. मी तर मनात दोषारोपपत्राची वाक्यंसुद्धा जुळवायला लागले होते. लाज वाटते आता.

आठवड्याभराने दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन. "त्या पायाच्या केसवाल्या मॅडम पाह्यजे." मी घेतला.

"मॅडम, मी वॉर्डातली मावशी बोलून राह्यली. नाव नका इचारू. त्या सिस्टरले काहून फासावर देऊन राह्यले तुम्ही? त्या दिवशी पहाटे पोरीच्या मायनं माह्याकडून अंग घासाची घासणी मागतली होती. परत देली तं जांभळी!"

आणि ठेवला.

मी धावत जाऊन तो फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला. आठ दिवस तो फोटो माझ्याकडे होता! आणि आठ दिवस मी त्यात फक्त पाय कोणता तेवढंच बघत होते. डॉक्टरांचा मार्कर जांभळा, जाड. हा बाण निळा होता. बारीक. साध्या बॉलपेनचा. आणि बाणाच्या शेपटीला तीन छोटी पिसं काढलेली, म्हणजे चित्रातल्या धनुष्यबाणाला असतात तशी. कोणता डॉक्टर पेशंटच्या मांडीवर बाणाला पिसं काढतो, सांगा बरं?

दुसऱ्या दिवशी आई आणि मोठी बहीण, दोघींना बोलावलं. आधी आई.

"आंघोळ तुम्ही घातली?"

"हो मंग. सिस्टर म्हणे साबण लावून आंघोळ घाला. एवढं मोठं ऑपरेशन, मळकं आंग घेऊन जाईन का माही पोरगी? तिले स्टुलावर बसवलं न मागून घासलं म्या."

"मांडीवर काही होतं?"

"शाई होती कायची तरी. निघता निघत नोती! घासली, घासली, तवा निघाली." मग माझा चेहरा बघून हळूच, "काहून? नोती काढाची का?"

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. ती बाई एवढ्या मायेनं सांगत होती.

मग मोठी बहीण. तिला सरळ विचारलं असतं तर तिनं सिस्टरचंच गाणं लावलं असतं, म्हणून मी कोरा कागद पुढे केला. "ताई, वॉर्डाचा कच्चा नकाशा काढून द्या. पलंग कुठे, बाथरूम कुठे, दार कुठे."

छान काढला. हात चांगला होता तिचा, मेंदी काढायची म्हणे लग्नाकार्यात. पलंग, खिडकी, दार. मग बाथरूम कुणीकडे ते दाखवायला एक बाण. बाणाच्या शेपटीला तीन पिसं.

लेडी कॉन्स्टेबलनं कागद पाहिला, मग माझ्याकडे.

मी फोटो तिच्यासमोर ठेवला. "हा पण तुम्हीच काढला ना, ताई?"

ती फुटलीच. "काढला! पण मी काय वाईट केलं वं मॅडम? माय खाली नारळ आणाले गेल्ती. सिस्टरनं इंजेक्शन देलं न म्हणे, डॉक्टरची खूण पुसू नका. मी पाह्यलं तं खूणच नाही! म्हटलं आता डॉक्टर मायवर बोंबलन, ऑपरेशनच नाही करन. पर्समधी पेन होता, काढून देला. पण डाव्याच पायावर काढला, देवाशपथ! सिस्टरनंच इकडचा तिकडं केला. म्हणून तं ओरडून राह्यली मी रोज!"

खोटं बोलत नव्हती. ठाण्यात रोज माणसं बघितल्यावर कळतं. खोटं बोलणारा डोळे चुकवतो असं म्हणतात, तसं काही नसतं, पण खोटं बोलणारा स्वतःहून इतकं सांगत नाही. मग बाण उजवीकडे कसा?

मी लेडी कॉन्स्टेबलला बाकावर पाय लांब करून बसवलं. ताईला समोर, पायांच्या बाजूला उभं केलं. "अशाच उभ्या होत्या?"

"हो, अशीच."

"दाखवा पटकन. यांचा डावा पाय."

तिनं हात पुढे केला. आणि उजव्या पायावर ठेवला.

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग कॉन्स्टेबलच्या पायाकडे. मग परत हाताकडे. आणि खाली फरशीवर बसली, धप्पकन. रोज ओरडणारी बाई, आता नुसती पुटपुटत होती. "माह्या डावा..." एवढंच. "मी माह्या डावा धरला वं..."

मी पोलिसात असताना मारामाऱ्या पाहिल्या, प्रेतं पाहिली. पण तो हात! तो अजून डोळ्यासमोर आहे.

बोर्डाचा अभिप्राय नंतर आला. खूण कोणीही पुसो, कोणीही काढो, भूल देण्याआधी पेशंटला नाव आणि बाजू विचारणं आणि एक्स-रे समोर लावून बघणं हे डॉक्टरांच्या टीमचं काम, ते झालं नाही. गुन्हा सर्जनवर आणि सिस्टरवर लागला. बाण तिनं काढला नाही, पण विचारलंही नाही. बहीण आणि आई साक्षीदार झाल्या. मी सिस्टरला फोन करून सांगितलं की बाण कोणी काढला ते कळलं. ती म्हणाली, "मी सांगत होती नं," आणि मग बारीक आवाजात, "तरी विचारलं असतं तं बरं झालं असतं."

पण त्याआधी त्या मुलीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, तूच जा. गेले. सगळं सांगितलं, घासणीपासून. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, "ताईनं?" मी मान डोलावली. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, संपलं, आता ही कधीच टेबलवर जाणार नाही. पण भिंतीकडे बघूनच म्हणाली, "म्हणजे बाण आपोआप नाही सरकला. माणसानं सरकवला. मंग माणसानं थांबवताही येते."

या केसनं मला काय शिकवलं म्हणाल तर हेच. डॉक्टर, सिस्टर आणि मी, तिघंही बाण बघून गप्प बसलो. बाण दिसला की डोकं बंद होतं. बाण कोणी काढला, कधी काढला, आणि ज्याच्या अंगावर आहे त्याला कोणी विचारलं का, एवढे तीन प्रश्न कोणीच वेळेत विचारले नाहीत, आणि माझं तर ते विचारायचंच काम होतं. आता माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी दोन मुलींना समोरासमोर उभं करते. "हिचा डावा हात दाखव, पटकन." किती जणी चुकतात! हसतात सगळ्या. मग ही केस सांगते, तेव्हा हसणं थांबतं.

दुसरं ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात ठरलं. त्या सकाळी तिचाच फोन, "मॅडम, या. तुम्ही पाह्याले पाह्यजे."

गेले. आई कोपऱ्यात, दोन्ही हात पदराखाली लपवून. मोठी बहीण दाराबाहेर, आत यायलाच तयार नाही. नवे डॉक्टर मार्कर घेऊन आले, तर मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाण माही ताई काढन. तुम्ही तपासून घ्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मार्कर पुढे केला.

"नाही वं," ताई दारातूनच. "माह्यानं नाही होत."

"होते. पण समोर नको उभी राहू. इथं ये, माह्या बाजूले बस. हां. आता तुह्या डावा न माह्या डावा एकाच बाजूले."

ताई पलंगावर तिच्या शेजारी बसली. मार्कर मांडीपाशी नेऊन थांबली. "हाच नं?"

"हाच."

"पक्का नं?"

"पक्का. न माय, तू घासणी मागशीन तं पाह्यजो!"

आई रडता रडता हसली. ताईनं बाण काढला. जांभळा, जाड, डाव्या मांडीवर. आणि सवयीनं शेपटीला तीन पिसं. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" मुलगी म्हणाली, "राहू द्या. आमच्या घरची सही आहे." डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, पाय पाहिला, बाणाखाली स्वतःची सही केली. इंजेक्शन आत गेल्यावरच द्यायचं ठरलं.

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलं. तिथं एक तरुण सिस्टर फाइल घेऊन उभी होती. फाइलकडे न बघता तिनं मुलीच्या डोळ्यात बघून विचारलं, "नाव सांगा. आणि कोणता पाय?"

मुलीनं नाव सांगितलं आणि डाव्या मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की आवाज आम्हाला व्हरांड्याच्या या टोकाला ऐकू आला.